धुक्याच्या उपमेची झडती

एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्हांला परीक्षक म्हणून बोलावले होते. नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी रेडिओ खगोलशास्त्रावर तक्ता केला होता. तक्त्याच्या डाव्या बाजूस लिहिले होते : ‘आकाशगंगेतील धुळीमुळे दृश्य प्रकाश अडतो, परंतु लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरी धुळीतून सहज पार होतात.’ उजव्या बाजूस लिहिले होते : ‘ताऱ्यांमधील वायू दूरच्या दीर्घिकांचे रेडिओ संकेत धुक्याप्रमाणे पुसट करतो. तरंगलांबी जितकी जास्त, तितके चित्र अधिक पुसट.’ दोन्ही विधाने बरोबर आहेत. आम्ही मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे वळणार, एवढ्यात त्यांच्यातल्याच एकाने विचारले, “सर, धुक्यातून लांब लहरी जास्त चांगल्या जातात, म्हणून धोक्याचा दिवा लाल असतो, असं आम्हाला शिकवलंय. मग इथे उलटं का?”

आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तक्त्याला दुसरा क्रमांकही दिला. पण घरी येताना एस.टी.त तो प्रश्न सुटेना. ‘धुक्याप्रमाणे’ हा शब्द त्या मुलांनी स्वतः शोधलेला नव्हता. तो आम्ही अनेक लोकप्रिय लेखांतून, वर्तमानपत्री स्फुटांतून वाचला आहे, आणि प्रांजळपणे सांगायचे तर व्याख्यानांतून आम्हीही वापरला आहे. या लेखात त्या उपमेचीच झडती घ्यायची आहे.

आधी मुलाच्या प्रश्नातला एक कच्चा दुवा सांगून टाकू, कारण तो आपणच वर्गात रुजवतो. लाल प्रकाशाचे विकिरण कमी होते हे खरे. पण ते कण तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असतील तेव्हा. हवेचे रेणू, बारीक धूर यांना हा नियम लागू पडतो. दाट धुक्यातले पाण्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते लाल आणि निळा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात, आणि म्हणूनच धुके पांढरे दिसते. तेव्हा लाल दिव्याची थोरवी धुक्यात सांगणे हेच मुळात अर्धसत्य आहे. असो. प्रश्नाचा गाभा मात्र त्यामुळे ढळत नाही.

तक्त्याच्या डाव्या बाजूस होती धूळ. तिचे कण बहुधा मायक्रोमीटरपेक्षाही लहान, रेडिओ लहरी सेंटिमीटर ते मीटर लांबीच्या. समुद्राच्या लाटेला वाळूचा कण जाणवत नाही तसे या लहरींना धुळीचे होते. उलट दृश्य प्रकाशाची गत अशी, की आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या प्रकाशापैकी सुमारे एक लाख कोटीत एक भागच आपल्यापर्यंत पोचतो. इथे ‘अडवणे’ हा शब्द चपखल आहे.

उजव्या बाजूस होता वायू, आणि त्यातही काम करणारे घटक म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन. तप्त ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशामुळे हायड्रोजनचे काही अणू फुटतात व इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यांची सरासरी संख्या किती? लिटरभर जागेत सुमारे ३०. आपल्या खोलीतल्या लिटरभर हवेत रेणू असतात २७ वर २१ शून्ये इतके. एवढ्या विरळ इलेक्ट्रॉनांना ‘धुके’ म्हणताना खरे तर जीभ अडखळायला हवी. ते रेडिओ लहरींना जवळजवळ अजिबात अडवत नाहीत. फक्त त्यांचा मार्ग किंचित वाकवतात. मार्ग हजारो प्रकाशवर्षे लांब असल्यामुळे हे ‘किंचित’ साठत जाते.

आता लांब लहरी अधिक का वाकतात? हे समजायला नववीच्या गतिविषयक समीकरणांपलीकडे जावे लागत नाही. लहर इलेक्ट्रॉनाला अर्धा आवर्तकाळ एका दिशेने ढकलते, उरलेला अर्धा उलट दिशेने. लहर दुप्पट लांब असेल तर प्रत्येक ढकलण्याचा वेळ दुप्पट. बल तेवढेच असताना कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मोकळा इलेक्ट्रॉन चौपट हलतो. तो जितका हलेल तितका लहरीच्या प्रवासावर त्याचा परिणाम अधिक. म्हणजे वाकण्याचा कोन तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेच्या रेणूतला इलेक्ट्रॉन असा मोकळा नसतो. तो जणू स्प्रिंगने बांधलेला असतो. त्याला कितीही वेळ ढकलले तरी तो स्प्रिंग ताणली जाईल तेवढाच सरकतो, आणि त्यामुळे तिथे गणित उलटे पडते. एक इलेक्ट्रॉन बांधलेला, दुसरा सुटा : मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. आम्हांला ते त्या टेबलापाशी, खडू-फळ्याशिवायही देता आले असते.

यातून एक मजेदार जोडी निघते. आकाश निळे का, या प्रश्नाच्या उत्तरात विकिरणाचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते. आंतरतारकीय वायूमुळे रेडिओ स्पंदाला जी शेपूट फुटते, तिची लांबी तरंगलांबीच्या साधारण चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असते. शेपूट कशी फुटते? सरळ आलेली लहर आधी पोचते, वाकून आलेली नंतर. वाकड्या मार्गाचे जादा अंतर पायथागोरसच्या प्रमेयावरून काढले, तर लहान कोनांसाठी ते कोनाच्या वर्गावर अवलंबून असते. आणि कोन स्वतः तरंगलांबीच्या वर्गावर. वर्गाचा वर्ग, म्हणून चौथा घात. १४०० मेगाहर्ट्झवर जी शेपूट १ मिलिसेकंद लांब असेल, ती ४०० मेगाहर्ट्झवर साडेतीनचा चौथा घात, म्हणजे सुमारे १५० मिलिसेकंद होते. प्रत्यक्ष मोजमापांत घात कधी चारहून थोडा अधिक, कधी थोडा कमी भरतो, कारण वायूतील खळबळ आपल्या समीकरणाइतकी सरळ नसते.

धुक्याच्या उपमेवरचा आमचा दुसरा आक्षेप असा, की तिच्यामुळे दोन निरनिराळे परिणाम एकाच गाठोड्यात बांधले जातात. एक अपस्करण, दुसरे हे विकिरण. शाळा सुटल्यावर सगळी मुले एकाच रस्त्याने निघाली, पण लहान मुले हळू आणि मोठी भरभर चालली, तर गावच्या वेशीवर कोण केव्हा पोचेल हे आपण सांगू शकतो. उशीर उलट मोजून सर्वांना पुन्हा शाळेच्या दारात एकत्र उभे करू शकतो. हे अपस्करण. क्रॅब तेजोमेघातल्या स्पंदकाचा ४०० मेगाहर्ट्झवरचा ठोका १४०० मेगाहर्ट्झवरच्या ठोक्यानंतर सुमारे १.३५ सेकंदांनी येतो. तेवढ्या वेळात त्या स्पंदकाने आणखी सुमारे ४० ठोके दिलेले असतात. तरीही संगणक हा गोंधळ पूर्णपणे निस्तरतो. पण तीच मुले कोणी ओढ्याकाठाने, कोणी बाजारातून, कोणी चिंचा पाडत गेली, तर वेशीवर पाहून कोणता मुलगा कोणत्या वाटेने आला हे ओळखणे जवळपास अशक्य. विकिरणाची शेपूट अशी असते. ‘वायूमुळे संकेत पुसट होतो’ एवढे एकच वाक्य लिहिणारा लेखक सुटणारे कोडे आणि न सुटणारे कोडे यांत फरकच करत नाही. शिक्षकाने तो करायला हवा, कारण एक परीक्षेत गणित म्हणून घालता येते, दुसरे नाही.

तिसरा आक्षेप अंतराबद्दल. धुक्यात जितके दूर तितके पुसट. म्हणून वाचकाचा साहजिक समज होतो की दूरच्या दीर्घिका जवळच्या वस्तूंपेक्षा अधिक पुसट दिसत असणार. प्रत्यक्षात काय घडले पाहा. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराभोवतीच्या कड्याचे चित्र प्रसिद्ध झाले. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे. १२ मे २०२२ रोजी आपल्याच आकाशगंगेच्या केंद्रातल्या धनू अ* या कृष्णविवराचे चित्र प्रसिद्ध झाले. अंतर सुमारे २७,००० प्रकाशवर्षे. वायूचा त्रास झाला तो दुसऱ्याला, दोन हजार पटींनी जवळच्याला! कारण एम ८७ आपल्या आकाशगंगेच्या तबकडीपासून बरेच बाजूला, जवळजवळ तिच्या ध्रुवाच्या दिशेने आहे. तिच्या लहरी आपल्या तबकडीतून थोडासाच प्रवास करून येतात. धनू अ* चा प्रकाश मात्र सगळी तबकडी आडवी कापत येतो.

त्या वेळी आलेल्या काही बातम्यांतून ‘वायूमुळे चित्र अस्पष्ट आले’ असे वाचल्याचे आठवते. त्याची शहानिशा विद्यार्थी वहीवर करू शकतात. धनू अ* ही प्रतिमा वायूमुळे १ सेंटिमीटर तरंगलांबीवर सुमारे ०.००१४ कोनीय सेकंद इतकी पसरते. (एक अंशाचे ३६०० कोनीय सेकंद.) आता वर्गाचा नियम लावा. १ मीटरवर हा पसारा दहा हजार पट, म्हणजे सुमारे १४ कोनीय सेकंद. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तिची १ मीटरवरची सूक्ष्मदृष्टी १ भागिले २५,०००, म्हणजे सुमारे ८ कोनीय सेकंद. याचा अर्थ, या एका दिशेपुरते बोलायचे तर तबकड्या आणखी लांब, पार नागपूरपर्यंत नेऊन ठेवल्या तरी १ मीटरवर चित्र काडीनेही सुधारणार नाही. हा दोष दुर्बिणीचा नाही, वाटेचा आहे. म्हणूनच २०२२ च्या चित्रासाठी १.३ मिलिमीटर ही तरंगलांबी घेतली. तिथे पसारा उरतो कोनीय सेकंदाचे सुमारे २३ दशलक्षांश, तोही एका दिशेने. काटकोनातल्या दिशेने त्याच्या निम्माच. कडे आहे सुमारे ५२ दशलक्षांश व्यासाचे. म्हणजे ते वायूच्या पडद्याआडूनही दिसते.

मग २०२२ चे चित्र धूसर का? पृथ्वीएवढ्या दुर्बिणीचीच या तरंगलांबीवरची मर्यादा सुमारे २० दशलक्षांश आहे. शिवाय धनू अ* भोवतालचा तप्त वायू मिनिटांत रूप पालटतो, एकाच रात्रीच्या निरीक्षणात चित्र हलते. एम ८७ चे चित्र वायूच्या जवळजवळ काहीच अडथळ्याविना घेतलेले, तरीही साधारण तितकेच धूसर आहे, ही गोष्ट त्या बातम्या लिहिणाऱ्यांना खटकायला हवी होती. धुक्याची उपमा हाताशी असली की असे खटकेनासे होते.

चौथी गोष्ट वर्गात करून पाहण्याजोगी आहे. ट्रेसिंग पेपरचा तुकडा पुस्तकाच्या पानावर घट्ट दाबून धरा. अक्षरे वाचता येतात. कागद तीन-चार सेंटिमीटर वर उचला. अक्षरे विरघळतात. तोच कागद डोळ्यांजवळ आणा. पान आहे की भिंत तेही कळत नाही. कागद तोच, पुस्तक तेच, पाहणारा तोच. फरक पडला तो कागद कुठे आहे याने. दूरच्या दीर्घिकेच्या पोटातला वायू हा पानाला चिकटलेला कागद आहे, त्याने प्रतिमा फारशी पसरत नाही. आपल्या आकाशगंगेतला वायू हा डोळ्याजवळचा कागद. म्हणून ‘दूरच्या दीर्घिकांपासून येताना वाटेतल्या वायूने’ असे मोघम लिहिणे चुकीचे. प्रतिमा पसरवणारा वायू मुख्यतः आपल्याच अंगणातला असतो. मात्र वेळेच्या शेपटीत दीर्घिकेतला वायूही आपली भर घालू शकतो, कारण वाकड्या मार्गाचे जादा अंतर तिथेही पडतेच. आकाशगंगेच्या केंद्राबाबत हाच प्रश्न अनेक वर्षे लोंबकळत होता : पडदा केंद्राला चिकटून आहे की वाटेत? एप्रिल २०१३ मध्ये धनू अ* च्या अगदी शेजारी एक स्पंदणारा चुंबकतारा सापडला. त्याच्या प्रतिमेचा पसारा आणि ठोक्यांची शेपूट या दोन्ही मोजल्या, आणि दोहोंचा मेळ घातल्यावर पडदा केंद्रापासून हजारो प्रकाशवर्षे अलीकडे आहे असे निघाले. ट्रेसिंग पेपरचाच प्रयोग, फक्त जरा मोठ्या पानावर.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र आम्ही शेवटासाठी राखला आहे. धुके काढून घेते, भर घालत नाही. आंतरतारकीय वायू भर घालतो. त्याच्यातले गठ्ठे काही हजार किलोमीटरपासून अनेक प्रकाशवर्षांपर्यंत सर्व आकारांचे आहेत. ते भिंगांसारखे वागतात. उन्हात पाण्याच्या हौदाच्या तळाशी प्रकाशाची जी थरथरती जाळी दिसते, ती सूर्यावर नसते. पाण्याने घडवलेली असते. तसेच इथे होते. २०११ साली अवकाशात गेलेल्या रशियाच्या रेडिओअ‍ॅस्ट्रॉन दुर्बिणीने पृथ्वीवरच्या दुर्बिणींशी जोडी जमवून ३ सी २७३ या सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या क्वासारचे वेध घेतले. १८ सेंटिमीटरवर अपेक्षेपेक्षा बारीक तपशील हाती लागले. अभ्यासाअंती २०१६ मध्ये निष्कर्ष आला की यातले तपशील क्वासारमध्ये नसून आपल्या आकाशगंगेतल्या वायूने घडवलेले असू शकतात. धनू अ* च्या पसरलेल्या प्रतिमेतही असेच नकली बारकावे २०१४ साली आढळले होते. धुक्याच्या उपमेवर विसंबणारा इथे फसतो. धुक्यातून काही स्पष्ट दिसले तर ते खरे असते; या वायूतून काही स्पष्ट दिसले तरी ते खरे आहे का, हे विचारावे लागते.

आणि हा वायू लुकलुकवतोही. तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, हे आपण शिकवतोच. कारण ताऱ्याची प्रतिमा बिंदूसारखी, ग्रहाची तबकडीसारखी. रेडिओत तेच : स्पंदक लुकलुकतात, दीर्घिकांचे पसरट ढग लुकलुकत नाहीत, पण काही अत्यंत चिमुकले क्वासार लुकलुकतात. अभिजित ताऱ्याच्या जवळच्या आकाशात जे १८१९+३८४५ नावाचा एक क्वासार आहे. नेदरलँड्समधील खगोलशास्त्रज्ञांना तो तासाभरापेक्षा कमी वेळात कमी-जास्त तेजस्वी होताना दिसला. क्वासार स्वतःच बदलत असता, तर सर्व दुर्बिणींना तो बदल एकाच वेळी दिसला असता. परंतु नेदरलँड्समधली आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतली दुर्बीण यांना तेच चढउतार वेगवेगळ्या वेळी दिसले. जणू ढगांच्या सावल्या एका गावावरून दुसऱ्या गावावर सरकत होत्या. वर्षाच्या काही महिन्यांत लुकलुक जलद, काही महिन्यांत मंद. कारण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरताना कधी त्या सावल्यांच्या विरुद्ध जाते, कधी त्यांच्याबरोबर. पृथ्वी फिरते याचा इतका देखणा पुरावा एखाद्या क्वासारने द्यावा, हे आम्हांला आजही नवलाचे वाटते. २००६-०७ च्या सुमारास ही लुकलुक थांबली. वायूचा तो पडदा दृष्टीच्या रेषेतून सरकून गेला असावा.

याच लुकलुकीच्या शोधातून स्पंदक सापडले हेही विसरता येत नाही. सूर्याभोवतीच्या वायूमुळे लहान रेडिओ उगम लुकलुकतात हे १९६४ मध्ये कळले. ते हेरण्यासाठी केंब्रिजला अँटनी ह्युइश यांनी खास दुर्बीण उभारली, आणि तिच्या कागदाच्या पट्ट्यांवर १९६७ मध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने १.३३७ सेकंदांनी येणारे ठोके पाहिले. तो वायू आंतरतारकीय नव्हे, आंतरग्रहीय. पण भौतिकी तीच. ज्याला आपण अडथळा म्हणतो तोच मोजपट्टी ठरल्याची उदाहरणे पुढेही आहेत. दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या क्षणिक रेडिओ स्फोटांच्या अपस्करणावरून विश्वातल्या नेहमीच्या द्रव्याची मोजदाद २०२० मध्ये झाली. उलट जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या ठोक्यांतून मंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचे युरोपीय आणि भारतीय गटांनी जाहीर केले, तेव्हा वायूने आणलेला उशीर वेगळा काढण्यासाठी खोडदच्या दुर्बिणीची कमी कंप्रतेची निरीक्षणे कामी आली.

मग धुक्याऐवजी काय सांगावे? आम्ही आता न्हाणीघराच्या खिडकीची खडबडीत काच सांगतो. ती प्रकाश अडवत नाही, वाकवते. पलीकडे नसलेल्या रेघोट्याही दाखवते. पण ही उपमाही एका ठिकाणी मोडते, आणि ते ठिकाण लपवू नये. काच जांभळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा अधिक वाकवते, लोलकात आपण पाहतोच. इलेक्ट्रॉनांचा वायू लांब लहरीला अधिक वाकवतो. काचेतले इलेक्ट्रॉन बांधलेले आहेत. म्हणजे मूळ प्रश्नापाशी परत यावे लागते, आणि वर्गात तेच व्हायला हवे असे आमचे मत आहे.

त्या दोन विद्यार्थ्यांना आम्ही शाळेच्या पत्त्यावर पत्र पाठवले. मोकळ्या इलेक्ट्रॉनाचे गणित लिहिले, दुसऱ्या क्रमांकाबद्दलचा आमचा संकोचही लिहिला. पंधरा दिवसांनी उत्तर आले. ट्रेसिंग पेपर करून पाहिला होता. पोस्टकार्डाच्या उरलेल्या जागेत एक प्रश्न होता : कागद पानापासून दहा सेंटिमीटरवर आणि डोळा कागदापासून पाच मीटरवर असेल, तर तो पानाला चिकटलेला मानायचा की नाही?